स्टुडिओ मृत्कला

स्टुडिओ मृत्कला : माती निवडणे, ती मळणे, घडविणे, तिच्यावर झिलई चढविणे आणि भट्टीत भाजणे ही सर्व कामे एकाच कलावंताने, किंवा त्याच्या देखरेखीखालील लहानशा कर्मशाळेने, स्वतःच्या कल्पनेप्रमाणे करून निर्माण केलेल्या मृत्पात्रांस व मृत्शिल्पांस ही संज्ञा लावतात. कारखान्यात नमुना काढणारा एक, साचा ओतणारा दुसरा व रंगविणारा तिसरा असतो. स्टुडिओ मृत्कलेत ही श्रमविभागणी नसते. गावच्या कुंभाराच्या कामाहूनही ती वेगळी आहे. कुंभार पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आकार घडवितो आणि त्याच्या मडक्यावर त्याचे नाव नसते. स्टुडिओतील पात्राच्या बुडाशी मात्र सामान्यतः नाव किंवा ठसा असतो, आणि ते पात्र कोणाच्या हातचे आहे यावर त्याचे मोल बरेचसे अवलंबून असते.

चळवळ म्हणून ही कला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व विसाव्या शतकाच्या आरंभी यूरोप, अमेरिका आणि जपान येथे उदयास आली. तिच्या मुळाशी असलेली प्रवृत्ती पुष्कळच जुनी आहे. निसर्गातून काय घ्यावयाचे आणि घडविणाऱ्याची स्वतःची ओळख पात्रात कशी, किंबहुना कितपत, उमटू द्यावयाची, हे दोन प्रश्न या कलेत वारंवार पुढे येतात. चित्रकाराला वा शिल्पकाराला निसर्ग हा मुख्यत्वे विषय असतो. मृत्कलावंताच्या बाबतीत तो विषय, द्रव्य आणि काही अंशी सहकारीही असतो. कारण पात्राचे अंतिम रूप हाताबरोबर अग्नीही ठरवितो.

माती, झिलई व भाजणी : फेल्स्पारयुक्त खडकांच्या अपक्षयाने चिकणमाती तयार होते. मूळ खडकाच्या जागीच राहिलेली केओलीन किंवा चिनी माती शुभ्र व शुद्ध असते, परंतु तिला हवा तसा आकार देणे कठीण जाते. पाण्याबरोबर वाहून आलेली गाळाची माती सूक्ष्मकणी व लवचिक असते आणि तीतील लोहामुळे भाजल्यावर तांबडी होते. दख्खनच्या पठारावरील काळी माती सुकताना फार आकसते व भेगाळते. म्हणून कुंभार नदीकाठची किंवा तळ्यातील माती निवडतो आणि तीत राख, वाळू, भुसा, घोड्याची लीद असे पदार्थ मिसळतो. लीद व भुसा भट्टीत जळून गेल्यावर भांड्याच्या अंगात सूक्ष्म छिद्रे उरतात. त्यांतून पाणी झिरपते, त्याचे बाष्पीभवन होते आणि माठातील पाणी गार राहते.

घडविलेले पात्र सुकून व भाजून निघेपर्यंत साधारणतः दहावा हिस्सा आकसते. काही मातींत हे प्रमाण याहूनही अधिक असते. सु. ४५०° ते ६००° से. या टप्प्यात मातीच्या स्फटिकांत रासायनिक रीत्या बांधलेले पाणी निघून जाते व तेथून ती पाण्यात कालवून पुन्हा माती होऊ शकत नाही. ५७३° से. तापमानास क्वॉर्ट्झची स्फटिकरचना बदलून तो एकदम प्रसरण पावतो. भट्टी तापविताना किंवा निवविताना येथे घाई झाली, तर भांडे तडकते. तांबडी पक्वमृदा (टेराकोटा) सामान्यतः ९००° ते १,०५०° से., अश्मपात्री (स्टोनवेअर) १,२००° ते १,३००° से. आणि पोर्सलिन त्याच्या वरच्या टोकास किंवा त्याहून अधिक तापमानास भाजतात.

झिलई म्हणजे पात्राच्या पृष्ठावर वितळून बसलेला काचेचा पातळ थर. तीत काच करणारी सिलिका, वितळलेला थर ओघळू न देणारे ॲल्युमिना आणि वितळबिंदू खाली आणणारे एखादे अभिवाह द्रव्य असावे लागते. पूर्व आशियातील कुंभारांना हे द्रव्य चुलीतच सापडले : लाकडाच्या राखेत चुना व पोटॅश असतात आणि उच्च तापमानास राख मातीवर वितळून हिरवट-तपकिरी काच होते. भाताच्या तुसाच्या राखेत सिलिका विपुल असल्याने तिची झिलई दुधाळ दिसते. कोणते झाड जाळले यावरून पात्राचा वर्ण बदलतो. निसर्ग या कलेत कसा शिरतो याचे याहून सरळ उदाहरण क्वचितच सापडेल.

भट्टीतील हवेचाही परिणाम मोठा असतो. भरपूर हवा मिळाल्यास ऑक्सिडीकरण होते. हवा कोंडून धूर केल्यास ज्वाला झिलईतील धातूंच्या ऑक्साइडांतून ऑक्सिजन ओढून घेते व क्षपण होते. एक-दोन टक्के लोह असलेली झिलई क्षपणात सेलाडॉन या नावाने प्रसिद्ध असलेला निळसर हिरवा रंग धारण करते. तेच लोह आठ-दहा टक्के असल्यास काळ्या-तपकिरी छटा उमटतात. तांबे ऑक्सिडीकरणात हिरवे, तर क्षपणात लाल होते. हे सारे नशिबावर सोडलेले असते, असा सामान्य प्रेक्षकाचा समज असतो. तो बरोबर नाही. चांगला मृत्कलावंत प्रत्येक भट्टीची नोंद ठेवतो आणि एका झिलईसाठी शेकडो चाचणी-तुकडे भाजतो. अनिश्चितता उरते ती त्यानंतरची.

पालिसी : निसर्गाची हुबेहूब नक्कल आणि स्वतःच्या ओळखीचा आग्रह या दोन्ही बाबतींत फ्रेंच मृत्कलावंत बेर्नार पालिसी (सु. १५१०–सु. १५९०) याचे उदाहरण विलक्षण आहे. काचेवरील चित्रकाम व जमीनमोजणी यांवर उपजीविका करणारा पालिसी १५४० च्या सुमारास पश्चिम फ्रान्समधील सँत या गावी स्थायिक झाला. झिलई चढविलेले एक सुंदर पांढरे पात्र त्याच्या पाहण्यात आले आणि तशी झिलई आपण करावयाचीच, असे त्याच्या मनाने घेतले. या ध्यासापायी सु. सोळा वर्षे गेली. त्याने स्वतःच लिहून ठेवलेल्या वृत्तांताप्रमाणे, एकदा भट्टी ऐन तापात आली असताना सरपण संपले; तेव्हा त्याने बागेच्या कुंपणाची लाकडे, मग घरातील टेबले व जमिनीच्या फळ्याही भट्टीत घातल्या. शेजारी त्याला वेडा ठरवीत होते आणि घरातही त्याला सहानुभूती नव्हती. हा वृत्तांत त्याने उतारवयात, वाचकावर छाप पडावी अशा बेताने लिहिला आहे, हे लक्षात ठेवले पाहिजे. तरी झिलईच्या प्रयोगांचे त्यातील तपशील जाणकाराचे आहेत, यात शंका नाही.

पालिसीची कीर्ती ज्या पात्रांवर उभी आहे, ती मोठी लंबगोल तबके होत. त्यांवर साप, सरडे, बेडूक, मासे, खेकडे, शिंपले आणि नेच्याची पाने अशी दाटीवाटीने मांडलेली असतात, की तबक म्हणजे ओढ्याचा एखादा कोपराच वाटावा. हे प्राणी हाताने घडविलेले नाहीत. मेलेल्या प्राण्यावरून थेट साचा घेऊन त्यात माती दाबली जाई. त्यामुळे सापाच्या खवल्यांची रांगही जशीच्या तशी उतरे. तांबे, कोबाल्ट, मँगॅनीज व लोह यांनी रंगविलेल्या शिसेयुक्त झिलया एकमेकींत ओघळू देऊन तो पाण्याचा ओलेपणा साधी. पॅरिसमध्ये लूव्ह्र राजवाड्याच्या परिसरात १९८० नंतरच्या दशकात झालेल्या उत्खननांत त्याच्या कर्मशाळेचे अवशेष व साचे मिळाल्याने या पद्धतीविषयीच्या पूर्वीच्या तर्कांना पुष्कळ आधार मिळाला.

ही नक्कल केवळ गंमत म्हणून केलेली नव्हती. पालिसी निसर्गाचा अभ्यासक होता. त्याने १५७५ पासून पॅरिसमध्ये निसर्गविषयक व्याख्याने दिली व १५८० मध्ये ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. जीवाश्म हे एके काळच्या जिवंत प्राण्यांचे अवशेष आहेत आणि झऱ्यांचे पाणी पावसापासूनच येते, ही त्यातील मते काळाच्या पुढची होती. लॅटिन न जाणणाऱ्या या माणसाला आपले ज्ञान पुस्तकांतून नव्हे, तर माती व अग्नी यांपासून मिळाले, याचा अभिमान होता. राजदरबाराचा आश्रय लाभल्यावरही ‘मातीचा कामगार’ हे बिरुद तो स्वतःस लावी.

त्याची दुसरी ओळख त्याला महाग पडली. तो प्रॉटेस्टंट पंथाचा होता. माँमोरांसी हा सरदार आणि राजमाता कातरीन दे मेदीची यांच्या आश्रयामुळे तो काही काळ वाचला. तथापि धर्मयुद्धांच्या अखेरच्या पर्वात, १५८८ मध्ये, त्याला पुन्हा अटक झाली. स्वमत सोडण्यास त्याने नकार दिला आणि बास्तीयच्या तुरुंगातच त्याचा अंत झाला. आपल्या तबकांवर मात्र त्याने नाव घातले नाही. परिणामी आज पालिसीची म्हणून दाखविली जाणारी पात्रे नेमकी कोणती त्याची, कोणती त्याच्या कर्मशाळेची आणि कोणती अनुयायांची, हे सांगणे कठीण आहे. एकोणिसाव्या शतकात तूर येथील शार्ल-झां आव्हिसो (१७९५–१८६१) आणि पुढे पोर्तुगालमधील काल्दाश द राइन्या येथील कलावंतांनी या शैलीचे पुनरुज्जीवन केल्याने ही गुंतागुंत वाढली.

जपान : क्योतो येथे सोळाव्या शतकात चोजिरो याने सेन नो रिक्यू या चहाविधीच्या आचार्याच्या प्रेरणेने राकू नावाचे वाडगे घडविले. ते चाकावर न करता हाताने घडवीत, कमी तापमानास भाजीत व काळ्या राकूच्या बाबतीत तापून लाल झालेले असतानाच चिमट्याने भट्टीबाहेर काढीत. त्यांवर चित्र नसते. तळहातात वाडगा धरला की बोटांना घडविणाऱ्याच्या बोटांच्या खुणा लागतात. बिझेन येथील पात्रांवर झिलईही नसते. भट्टीत पात्रांभोवती गुंडाळलेल्या भाताच्या पेंढ्याने उमटलेले तांबूस पट्टे आणि उडालेल्या राखेचे थर हेच त्यांचे अलंकरण होय.

ओगाता केन्झान (१६६३–१७४३) याची प्रवृत्ती निराळी होती. हा सुशिक्षित व्यापारी घराण्यातला, प्रसिद्ध चित्रकार कोरिन याचा भाऊ. त्याने १६९९ मध्ये क्योतोच्या वायव्येस नारुताकी येथे भट्टी उभारली आणि वायव्येची टेकडी अशा अर्थाचे ‘केन्झान’ हे भट्टीचे नाव पुढे त्याचेच नाव झाले. गवताची पाती, शेवंती, बर्फाने वाकलेले बांबू अशी चित्रे तो पात्रांवर कुंचल्याच्या मोजक्या फटकाऱ्यांत काढी आणि त्याच कुंचल्याने ठसठशीत सही करी. सही येथे चित्राचाच एक भाग ठरली.

दोन शतकांनंतर हाच प्रश्न उलट बाजूने उपस्थित झाला. यानागी सोएत्सू (१८८९–१९६१) याने १९२५ च्या सुमारास ‘मिंगेई’ म्हणजे लोककलेची चळवळ सुरू केली. नाव नसलेल्या कारागिराने, सौंदर्याचा विचारही न करता, रोजच्या वापरासाठी केलेले भांडे कलावंताच्या सहीच्या पात्राहून श्रेष्ठ असते, असे तिचे प्रतिपादन होते. त्याचा मित्र हामादा शोजी (१८९४–१९७८) याने हे मत आचरणात आणले. इंग्लंडमध्ये तीन-चार वर्षे काढून परतल्यावर तो माशिको या कुंभारांच्या गावी स्थायिक झाला, तेथलीच जाडीभरडी माती व तेथल्याच झिलया त्याने स्वीकारल्या आणि पात्रांवर सही करणे सोडून दिले. ओकिनावात पाहिलेल्या उसाच्या ताटाचे एक साधे चिन्ह तो आयुष्यभर रेखाटीत राहिला. ते इतके त्याचे झाले, की सही नसल्याने काही अडले नाही. शिवाय पात्र ठेवण्याच्या लाकडी पेटीवर त्याचे हस्ताक्षर असेच; संग्राहक ती पेटी पात्राइतक्याच काळजीने जपतात. १९५५ मध्ये जपान सरकारने त्याला ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ हा बहुमान दिला. अनाम कारागिराच्या पुरस्कर्त्यांपैकी बहुतेक सारे असे नामवंत झाले, ही या चळवळीतील विसंगती टीकाकारांच्या नजरेतून सुटलेली नाही.

हामादाचा इंग्रज सहकारी बर्नर्ड लीच (१८८७–१९७९) हाँगकाँगमध्ये जन्मला, जपानमध्ये केन्झान परंपरेतील सहाव्या आचार्याकडे शिकला आणि १९२० मध्ये हामादाच्या मदतीने इंग्लंडच्या कॉर्नवॉल परगण्यातील सेंट आइव्ह्‌झ येथे त्याने आपली मृत्पात्रशाला काढली. त्याचा ए पॉटर्स बुक (१९४०) हा ग्रंथ अनेक देशांतील मृत्कलावंतांचा पहिला गुरू ठरला. पूर्व व पश्चिम यांचा मेळ घालण्याची त्याची आकांक्षा प्रामाणिक होती; परंतु तपकिरी-करड्या अश्मपात्रीची जी एक रुची त्याच्यामुळे रूढ झाली, तिच्या बाहेर पडणे पुढच्या पिढीला जड गेले.

मारिया मार्टिनेझ : अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यातील सान इल्देफोन्सो या प्वेब्लो इंडियन गावातील मारिया मार्टिनेझ (सु. १८८७–१९८०) हिच्या कामात व्यक्तीची ओळख व समाजाची ओळख यांचा झगडा स्पष्ट दिसतो. तिच्या गावाजवळच्या पठारावर १९०७ च्या सुमारास पुरातत्त्वीय उत्खनने झाली. उत्खननाचा प्रमुख एडगर ली ह्यूएट याने सापडलेल्या खापऱ्यांसारखी भांडी करून पाहण्यास तिला सुचविले. मारिया पात्र घडवी व तिचा नवरा ज्यूलियन (मृत्यू १९४३) त्यावर चित्रे काढी. त्या प्रयत्नांतून १९२० च्या सुमारास काळ्यावर काळे हा त्यांचा प्रसिद्ध प्रकार सिद्ध झाला.

ही पात्रे चाकाशिवाय, मातीच्या वळ्या एकीवर एक रचून घडवितात. सुकल्यावर त्यांवर गाळीव मातीचा पातळ लेप देऊन तो ओलसर असतानाच गुळगुळीत दगडाने तासन्‌तास घोटतात. घोटलेल्या पृष्ठावर ज्यूलियन पातळ मातीनेच नक्षी काढी. नक्षीचा भाग मंद व उरलेला चकचकीत राही. भाजणी उघड्यावर, लाकूड व शेणाच्या गोवऱ्या रचून होते. आच पुरेशी झाली की ढिगावर घोड्याची कोरडी, कुटलेली लीद टाकून तो झाकतात. हवा कोंडते, कार्बनयुक्त धूर पात्राच्या अंगात मुरतो, लोहाचे क्षपण होते आणि तांबडे व्हावयाचे पात्र काळेभोर निघते. उत्तर प्रदेशातील निजामाबादची काळी भांडी याच तत्त्वावर होतात. ज्यूलियनच्या नक्षीत ‘आवान्यू’ हा शिंगे असलेला जलसर्प वारंवार येतो. पात्राच्या खांद्याभोवती वेढा घालणारा हा सर्प कोरड्या प्रदेशात अकस्मात येणाऱ्या पुराचे प्रतीक आहे. पाऊस हाच ज्यांच्या जगण्याचा आधार, त्या लोकांची ती प्रतिमा होय.

गावात पात्रावर नाव घालण्याची रीत नव्हती. गिऱ्हाइकांच्या आग्रहावरून १९२० नंतरच्या दशकात मारिया सही करू लागली आणि प्रारंभी तिने, उच्चारायला सोपे म्हणून, ‘मरी’ असे परक्यांच्या वळणाचे नाव लिहिले. पुढे ‘मरी व ज्यूलियन’, सुनेच्या सहकार्याने केलेल्या पात्रांवर ‘मरी व सांताना’ आणि १९५६ पासून मुलाच्या नावासह ‘मारिया/पोपोवी’ अशा सह्या आढळतात. सहीच्या पात्राला अधिक किंमत येते असे दिसल्यावर तिने शेजारणींच्या पात्रांवरही आपले नाव घालून दिले, असे तिच्या चरित्रकारांनी नमूद केले आहे. संग्राहकांच्या दृष्टीने हा घोटाळा होता. तिच्या दृष्टीने ती लबाडी नव्हती; कला गावाची होती आणि तिच्या नावाने मिळणारा पैसा गावात वाटला जावा, हे तिला रास्त वाटत होते. आपली विद्या तिने कोणापासून लपविली नाही, आणि शेतीवर भागत नसलेल्या त्या लहानशा गावाला मृत्कलेने पुढे मोठाच आधार दिला.

आफ्रिका व ओडुंडो : नायजेरियातील ग्वारी जमातीची लादी क्वाली (सु. १९२५–८४) घरोघरी लागणाऱ्या पाण्याच्या घागरी करीत असे. तिच्या घागरींवर सरडे, विंचू, मासे व मगरी रेखलेल्या असत. इंग्रज मृत्कलावंत मायकेल कार्ड्यू याने आबुजा (सध्याचे सुलेजा) येथे काढलेल्या प्रशिक्षण केंद्रात ती १९५४ मध्ये दाखल झाली. तेथे तिने हाताने वळलेल्या आपल्या परंपरागत आकारांना अश्मपात्रीची माती व झिलई यांची जोड दिली. तिच्या झिलईच्या घागरी पाणी गार करीत नाहीत. त्या संग्रहालयांसाठी झाल्या. हा लाभ म्हणावा की हानी, याविषयी एकमत नाही. नायजेरियाच्या वीस नायरांच्या नोटेवर २००७ पासून तिचे चित्र आहे.

केन्यातील नैरोबी येथे १९५० मध्ये जन्मलेली मॅग्डलीन ओडुंडो १९७१ मध्ये इंग्लंडला शिकण्यासाठी गेली आणि कार्ड्यूच्या सल्ल्याने आबुजास जाऊन लादी क्वाली व इतर स्त्रियांकडून वळ्यांनी पात्र चढविण्याची रीत शिकली. पुढे सान इल्देफोन्सोलाही तिने भेट दिली. तिची पात्रे वळ्यांनी घडविलेली, अतिसूक्ष्म मातीच्या लेपाने घोटलेली व विनाझिलईची असतात. ऑक्सिडीकरणात ती नारिंगी-तांबडी आणि दुसऱ्या, धुरकट भाजणीत काळी होतात. पात्राच्या अवयवांना देहाचीच नावे देण्याची रीत जगभर आहे. मराठीतही घागरीला तोंड, गळा, पोट, बूड आणि कान असतात. ओडुंडो या शब्दसंकेताला अक्षरशः रूप देते. तिच्या पात्राचा गळा किंचित कलतो, पोट गर्भिणीसारखे पुढे येते, पाठीवर मणक्यांसारख्या गाठी दिसतात. ते स्त्रीचे शिल्प मात्र होत नाही, पात्रच राहते, आणि हा तोल तिने सहसा ढळू दिलेला नाही. ती आफ्रिकी की ब्रिटिश, हा प्रश्न समीक्षक विचारीत आले. तिच्या पात्रांत प्राचीन ग्रीस, पेरू व आफ्रिका यांचे संस्कार शेजारीशेजारी नांदतात. २०२० मध्ये तिला ब्रिटनचा ‘डेम’ हा किताब मिळाला.

ताकाएझू : तोशिको ताकाएझू (१९२२–२०११) हिचे आईवडील ओकिनावाहून हवाईत मजुरीसाठी आलेले. हवाई विद्यापीठात व नंतर मिशिगन राज्यातील क्रॅनब्रुक अकादमीत फिन्निश मृत्कलावंत माया ग्रोटेल हिच्या हाताखाली तिचे शिक्षण झाले. आपण जपानी की अमेरिकन, या विवंचनेत ती १९५५ मध्ये जपानला गेली, तेथे सु. आठ महिने राहिली आणि हामादासह अनेकांना भेटली. परतल्यावर तिने जपानी नमुन्यांचे अनुकरण केले नाही. उलट पात्राचे तोंडच बंद केले. वर केवळ बारीक छिद्र उरलेल्या तिच्या गोल व उभट घटांत काही साठविता येत नाही. भाजणीपूर्वी त्यांत ती कागदात गुंडाळलेली मातीची गोळी टाकी. कागद जळून जाई आणि घट हलविला की गोळी आत खुळखुळे. पात्राचा उपयोग गेला, पण त्यातील पोकळीला आवाज मिळाला.

झिलई ती घटाभोवती फिरत, चित्रकारासारखी ओतून व फटकारून लावी. हवाईचा समुद्र, सूर्यास्त व लाव्हा यांचे रंग त्यांत ओळखू येतात. पण दृश्य असे एकही नाही. किलाउएआ ईकी या ज्वालामुखीच्या १९५९ मधील उद्रेकाने राखेखाली गाडलेल्या व जळून उभ्या राहिलेल्या वृक्षांचा प्रदेश पाहून तिने माणसाहून उंच अशा मातीच्या खोडांचा समूह उभा केला. जो अग्नी ते अरण्य जाळून गेला, त्याच्याच साहाय्याने हे दुसरे अरण्य तयार झाले.

भारत : भारतात कुंभारकामाची परंपरा अखंड असली, तरी स्टुडिओ मृत्कला ही तीतून सरळ उगवलेली नाही. मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये (स्थापना १८५७) जॉर्ज टेरी याने १८७० नंतरच्या दशकात मृत्पात्रीचे काम सुरू केले. सिंधमधील झिलईचे तंत्र व अजिंठ्याच्या भित्तिचित्रांवरून घेतलेले आकृतिबंध यांचा त्यात मेळ घातलेला होता आणि ती पात्रे परदेशी प्रदर्शनांत वाखाणली गेली. त्यांत कारागीर मात्र निनावीच राहिले.

स्टुडिओ मृत्कलेचे भारतातील आद्य प्रवर्तक म्हणून सरदार गुरुचरण सिंग (१८९८–१९९५) यांचे नाव घेतात. १९१९ मध्ये ते जपानला गेले व तेथे यानागी, हामादा आणि लीच यांच्या सहवासात आले. १९५२ मध्ये त्यांनी दिल्लीत ‘दिल्ली ब्ल्यू आर्ट पॉटरी’ स्थापन केली. दिल्लीच्या पठाण कुंभारांकडील निळ्या झिलईचे तंत्र त्यांनी आत्मसात करून जतन केले. महाराष्ट्राशी अधिक निकटचा संबंध देवीप्रसाद (१९२१–२०११) यांचा आला. शांतिनिकेतनात चित्रकला शिकून ते १९४४ मध्ये वर्ध्याजवळील सेवाग्राम येथे नई तालीमच्या शाळेत कलाशिक्षक झाले आणि १९६२ पर्यंत तेथे राहिले. हाताने करावयाचे काम हेच शिक्षणाचे माध्यम, या विचारात मातीकामाला स्वाभाविक स्थान होते. मुलांबरोबर भट्टी बांधता-बांधताच ते मृत्कलावंत झाले. जो पाण्याचा पेला हातात नीट बसत नाही, तो सुंदर असू शकत नाही, अशा धारणेने त्यांनी जन्मभर मुख्यत्वे रोजच्या वापराची भांडी केली. चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावती येथील ग्रामोदय संघानेही गांधीवादी ग्रामोद्योगाच्या भूमिकेतून कुंभारांना झिलईची पात्री शिकविली.

झिलईशास्त्राची पद्धतशीर मांडणी भारतीय कच्च्या मालाच्या आधारे निर्मला पटवर्धन यांनी केली. येथली फेल्स्पारे, येथल्या माती व राखा वापरून केलेल्या त्यांच्या असंख्य प्रयोगांचे फलित हँडबुक फॉर पॉटर्स या ग्रंथात आहे. परदेशी पुस्तकांतील सूत्रे भारतीय द्रव्यांना जशीच्या तशी लागू पडत नाहीत, हा अनुभव घेतलेल्या अनेकांना त्याचा उपयोग झाला. डेबोरा स्मिथ व रे मीकर यांनी १९७१ मध्ये पुदुच्चेरी येथे सुरू केलेल्या ‘गोल्डन ब्रिज पॉटरी’तून अश्मपात्रीच्या कलावंतांची एक पिढीच तयार झाली.

कच्छमधील मांडवी येथे जन्मलेल्या ज्योत्स्ना भट्ट (१९४०–२०२०) बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात प्रथम विद्यार्थिनी व पुढे दीर्घकाळ अध्यापिका होत्या. मांजरे, घुबडे, पक्षी, कमळाच्या कळ्या व बियांची बोंडे हे त्यांचे नेहमीचे विषय. त्यांचे मांजर शरीरशास्त्राच्या दृष्टीने अपुरे असते; पण अंग आवळून बसलेल्या मांजराचा डौल दोन-तीन वळणांत उतरलेला असतो. पालिसीच्या सापाशी त्याची तुलना केल्यास निसर्गाचे अनुकरण व निसर्गाचे आकलन यांतील अंतर ध्यानी येते. मुंबईत जन्मलेल्या शिल्पकार मृणालिनी मुखर्जी (१९४९–२०१५) तागाच्या दोरांच्या गाठी मारून केलेल्या शिल्पांसाठी प्रसिद्ध आहेत. १९९६ च्या सुमारास त्यांनी नेदर्लंड्समधील यूरोपीय मृत्कला केंद्रात काम केले. तेथल्या त्यांच्या शिल्पांत मातीच्या जाड पाकळ्या एकमेकींवर लोळण घेतात आणि फूल, देह व मांस यांतील सीमा पुसट होते. त्यांत घटाचा आकार, पोकळी, काठ यांपैकी काहीही शिल्लक नाही.

अलीकडे भारतातील बरेच मृत्कलावंत भांडे व शिल्प हा भेद मानीत नाहीत. २०१८ मध्ये जयपूरच्या जवाहर कला केंद्रात भरलेल्या पहिल्या भारतीय मृत्कला त्रैवार्षिक प्रदर्शनात न भाजलेल्या, पाण्याने विरघळत जाणाऱ्या मातीचीही कामे मांडण्यात आली होती. वंशपरंपरागत कुंभार व शिक्षित मृत्कलावंत यांच्यातील सामाजिक अंतर मात्र अद्याप फारसे कमी झालेले नाही. एकाच मातीत दोघे काम करतात; पण पहिल्याचे पात्र बाजारात डझनावर विकले जाते आणि दुसऱ्याचे कलादालनात एकेक.